सिस्टीम बंद, घड्याळ चालू: घरून ताशी वेतनावर काम करणाऱ्यांच्या खोळंब्याचे पैसे कोणी द्यायचे?

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन अडकले. अशा संगणकांची संख्या सुमारे 85 लाख असल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने नंतर दिला. विमानतळांवरील रांगा आणि रुग्णालयांतील गोंधळ यांच्या बातम्या झाल्या. घरी बसून तासाच्या हिशेबाने ग्राहकांचे फोन घेणाऱ्या, विम्याचे दावे तपासणाऱ्या किंवा डेटा एन्ट्री करणाऱ्या माणसांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे 20 ऑक्टोबर 2025 रोजी अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, तेव्हा त्यांच्यापुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. शिफ्ट सुरू झाली आहे, आपण खुर्चीवर आहोत, सुपरवायझर ‘थांबा, सुरू होईल’ म्हणत आहे आणि सिस्टीम बंद आहे. तर या तासांचे पैसे मिळणार की नाही?

महिन्याच्या ठरलेल्या पगारावर काम करणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण दोन तास सर्व्हर बंद राहिला म्हणून त्याच्या पगारातून दोन तास वजा होत नाहीत. ताशी वेतन घेणाऱ्याचे तसे नसते. त्याची हजेरी बहुधा लॉगिनवर मोजली जाते, आणि लॉगिनच झाले नाही तर हिशेबाच्या दृष्टीने तो कामावर आलेलाच नसतो.

## खोळंबा म्हणजे नेमके काय

उपकरण, सॉफ्टवेअर, इंटरनेट किंवा वीज बंद पडल्यामुळे कामगार तयार असूनही काम होऊ शकत नाही, त्या काळाला ‘डाउनटाइम’ म्हणतात. या लेखात त्याला खोळंबा म्हणू. कामगाराने स्वतःहून घेतलेली सुट्टी, जेवणाची वेळ किंवा हाताशी काम असताना केलेली टाळाटाळ यांचा त्यात समावेश होत नाही.

खोळंब्याचे कारण कोठे आहे, यावरून त्याचे ढोबळ प्रकार पडतात. कंपनीने दिलेला लॅपटॉप बिघडतो, तिचा सर्व्हर बंद पडतो किंवा कंपनीच्या जाळ्यात सुरक्षितपणे शिरण्याचा मार्ग, म्हणजे व्हीपीएन, जोडला जात नाही. हा झाला कंपनीच्या बाजूचा बिघाड. कामगाराचा राउटर, त्याने घेतलेले इंटरनेट किंवा त्याचा स्वतःचा संगणक दगा देतो, तो त्याच्या बाजूचा. वादळाने साऱ्या भागाची वीज गेली तर दोष कोणाचाच नसतो. भांडण बहुतेक वेळा या वर्गवारीवरून सुरू होते. माझ्या मते मात्र ‘यंत्र कोणाचे’ याच्या आधी ‘त्या वेळात कामगाराचा वेळ कोणाच्या ताब्यात होता’ हा प्रश्न विचारायला हवा. तो विचारला की अर्ध्याहून अधिक प्रकरणे तिथेच मिटतात.

## नुसते थांबणे हे काम कसे होते

भाड्याची टॅक्सी घेऊन आपण एखाद्या कचेरीत गेलो आणि चालकाला ‘पाच मिनिटांत आलो, इथेच थांबा’ असे सांगितले, तर त्या वेळात टॅक्सी एक इंचही हलत नाही आणि तरीही वेटिंगचे पैसे लागतात. चालक त्या वेळात दुसरे भाडे घेऊ शकत नाही, म्हणून आपण ते देतो. उलट वाटेत टॅक्सीचेच चाक पंक्चर झाले, तर चाक बदलण्याच्या वेळाचे भाडे चालकाने मागितलेले आपल्याला पटणार नाही. थांबण्याचा हुकूम कोणाचा आणि बिघाड कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न या एकाच फेरीत दिसतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यातील पहिल्या प्रश्नाला डिसेंबर 1944 मध्ये उत्तर दिले. स्विफ्ट आणि आर्मर या मांसप्रक्रिया कंपन्यांच्या कारखान्यांत आग लागलीच तर धावून जाण्यासाठी काही माणसांना दिवसाच्या कामानंतरही आवारातच थांबावे लागे. बहुतेक वेळ आग लागत नसे, आणि माणसे पत्ते खेळत किंवा झोप काढत. त्यांना या वेळाचे पैसे का द्यावेत, असा कंपन्यांचा सवाल होता. सेवेसाठी सज्ज राहणे हीसुद्धा मालकाने विकत घेण्याजोगी गोष्ट आहे, असे न्यायालयाने म्हटले. कोणता थांबलेला वेळ कामाचा धरायचा, हे मात्र त्या त्या प्रकरणातील करार आणि परिस्थिती पाहून ठरवायचे. मालकाने थांबण्यासाठीच ठेवलेला माणूस वेगळा आणि काम मिळण्याची वाट पाहणारा मोकळा माणूस वेगळा, हा भेद तेव्हापासून अमेरिकी कामगार कायद्यात रुळला.

अमेरिकेच्या श्रम विभागाच्या नियमावलीत या भेदाची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतील एक आपल्या विषयाला नेमके लागू पडते. यंत्र दुरुस्त होईपर्यंत सहकाऱ्यांशी गप्पा मारत उभा असलेला कारखान्यातील कामगार त्या वेळीही कामावरच असतो, असे ती नियमावली सांगते. त्या यंत्राच्या जागी लॅपटॉप आला आणि कारखान्याच्या जागी घरातील टेबल आले, म्हणून तत्त्व बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

## मग कंपनीला सुटकाच नाही का

आहे. कामगाराला कामातून पूर्ण मोकळे करावे, तो वेळ त्याला स्वतःसाठी वापरता येईल इतका मोठा असावा, आणि परत कधी रुजू व्हायचे ती वेळ आधीच निश्चित सांगावी; असे झाले तर अमेरिकी नियमांनुसार तो वेळ कामाचा धरला जात नाही. ‘सर्व्हर दुपारी दोनपर्यंत येणार नाही, तोवर तुम्ही मोकळे आहात’ असा संदेश आला तर मधले तास कामगाराचे होतात. त्याला बाहेर जाता येते, झोपता येते, दुसरे कामही करता येते.

प्रत्यक्षात असा संदेश क्वचित येतो, कारण बिघाड कधी दुरुस्त होईल हे कंपनीलाही ठाऊक नसते. म्हणून ग्रुपवर ‘सगळ्यांनी ऑनलाइन राहा, दर दहा मिनिटांनी लॉगिन करून बघा’ असे लिहिले जाते. हे लिहिणाऱ्याने वेटिंग लावले आहे. दर दहा मिनिटांनी पासवर्ड टाकणारा माणूस ना बाजारात जाऊ शकतो ना अंथरुणावर पडू शकतो. एकीकडे त्याला असे बांधून ठेवायचे आणि महिन्याच्या शेवटी तोच वेळ ‘काम झाले नाही’ म्हणून कापायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

जुलै 2024 मधील त्या दिवसाकडेच थोडे जवळून पाहा. अडकलेला संगणक सोडवण्यासाठी तो सेफ मोडमध्ये सुरू करून एक विशिष्ट फाइल काढून टाकावी लागत होती. डिस्क कुलूपबंद असेल, आणि कंपनीच्या लॅपटॉपची ती बहुधा असतेच, तर त्याआधी 48 अंकी रिकव्हरी की टाकावी लागत होती. कार्यालयात हे काम आयटी विभागाचा माणूस टेबलापाशी येऊन करतो. घरी बसलेल्या कामगाराने मात्र आधी हेल्पलाइनवर नंबर लागण्याची वाट पाहायची, मग फोन खांद्यात धरून पलीकडून सांगितलेले अंक सहा-सहाच्या गटांत टाकायचे आणि एक अंक चुकला की पुन्हा सुरुवात करायची. हा सारा वेळ खोळंबा म्हणून नोंदला जातो. पण त्या वेळात तो कामगार आयटी विभागाचे काम आयटी विभागाच्या सांगण्यावरून करत असतो. अशा वेळाला रिकामा वेळ म्हणणेच चूक आहे.

## ‘दोन-चार मिनिटांसाठी एवढा कीस कशाला?’

रोज संगणक सुरू होऊन हजेरीचे सॉफ्टवेअर उघडेपर्यंत 10 मिनिटे जातात असे धरा. वर्षाचे कामाचे दिवस 250 मानले तर ही 2,500 मिनिटे, म्हणजे जवळजवळ 42 तास होतात. हा पूर्ण आठवड्याहून अधिक काळाचा पगार आहे. तो कोणी मुद्दाम कापत नाही, पण घड्याळ लॉगिननंतर सुरू होते म्हणून तो मिळतही नाही.

अमेरिकेत असे खटले दोन संघीय अपील न्यायालयांपुढे आले. 2021 मध्ये दहाव्या सर्किटच्या (म्हणजे दहाव्या न्यायिक विभागाच्या) न्यायालयाने नेलनेट या कंपनीच्या प्रकरणात कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा वाद रोजच्या साधारण दोन मिनिटांचा होता. तरीही ही वेळ नियमितपणे येते आणि मोजता येते, त्यामुळे ती क्षुल्लक म्हणून सोडून देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. 2022 मध्ये नवव्या सर्किटनेही कस्टमर कनेक्स या कंपनीच्या प्रकरणात संगणक सुरू करणे हा कॉल सेंटरच्या मूळ कामाचा अविभाज्य भाग मानला. संगणकाशिवाय जे काम होऊच शकत नाही, त्यात संगणक सुरू करणे ही कामाची पूर्वतयारी कशी म्हणणार?

सुरुवातीच्या दोन मिनिटांना हे तर्कशास्त्र लागू असेल, तर शिफ्टच्या मध्येच हँग झालेला संगणक रीस्टार्ट करण्याच्या वेळाला ते लागू न करणे अवघड आहे.

## ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व कोठे गेले?

हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि वरवर पाहता बिनतोडही वाटतो. पण हे तत्त्व बहुतेकदा संप किंवा गैरहजेरी यांच्या संदर्भात वापरले जाते, म्हणजे कामगाराने काम नाकारले तेव्हा. कामगार हजर असताना मालकालाच काम देता आले नाही, तर काय करायचे याचा विचार कायद्यांनी स्वतंत्रपणे केला आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या भारताच्या 1948 च्या किमान वेतन कायद्यातील कलम 15 पाहा. दिवसाच्या दराने नेमलेल्या कामगाराने पूर्ण दिवसापेक्षा कमी काम केले, तरी काही अपवाद वगळता त्याला पूर्ण दिवसाचे किमान वेतन मिळे. काम कमी होण्याचे कारण कामगाराची अनिच्छा असेल तर हा हक्क जाई, आणि मालकाने काम पुरवले नाही हे कारण असेल तर तो टिके. तेव्हापर्यंतच लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ (काम देता न आल्याने कामगाराला तात्पुरते बसवून ठेवणे) या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात कोळसा, वीज व कच्चा माल यांच्या टंचाईबरोबर यंत्रातील बिघाडाचाही स्पष्ट उल्लेख होता, आणि 1953 मध्ये त्या कायद्यात घातलेल्या तरतुदींनुसार पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई देय ठरे. ही भरपाई हवी असेल तर कामगाराने दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी हजर राहिले पाहिजे, अशीही अट होती. मात्र या तरतुदी कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी, त्याही 50 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी लिहिल्या गेल्या. घरच्या टेबलावरील कॉल सेंटर त्यांच्या चौकटीत मावत नव्हते.

जर्मनीने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथल्या नागरी संहितेच्या कलम 615 मध्ये 2002 पासून असलेल्या एका वाक्याने, काम बंद पडण्याचा धोका मालकाच्या अंगावर असतो अशा प्रसंगी वेतन चालू राहते हे मान्य केले आहे. त्यामागील विचार असा की यंत्रे कोणती घ्यायची, पर्यायी व्यवस्था ठेवायची की नाही, स्वस्तातला सेवापुरवठादार निवडायचा की खात्रीचा, हे सारे निर्णय मालक घेतो आणि नफाही तोच घेतो. मग धोका तरी दुसऱ्याच्या माथी का मारायचा?

मला हा युक्तिवाद सर्वांत वजनदार वाटतो. खोळंब्याचे पैसे कामगाराच्या खिशातून जात असतील, तर जुना सर्व्हर बदलण्याची घाई कंपनीला होणार नाही. तेच पैसे कंपनीच्या खात्यातून जाऊ लागले की आयटी विभागाच्या मागणीपत्रावर सही लवकर होते. क्लाउड सेवा बंद पडली तर अनेक करारांनुसार पुरवठादाराकडून कंपनीला बिलात काही सूट मिळते, हेही इथे लक्षात घ्यावे. ती सूट नुकसानीच्या मानाने किरकोळ असते हे खरे. पण ती मिळते कंपनीलाच, हेही तितकेच खरे.

## ‘उद्या प्रत्येक जण नेट गेले म्हणून सांगेल’

काही जण तसे सांगतीलही. कार्यालयात दिवे गेले तर सर्वांना एकदमच दिसते. घरातील राउटरचा लाल दिवा सुपरवायझरला दिसत नाही. ही शंका रास्त आहे.

पण घरून होणाऱ्या संगणकीय कामाइतक्या खुणा मागे ठेवणारे काम दुसरे क्वचितच असेल. व्हीपीएन कधी जोडले गेले आणि कधी तुटले, लॉगिनचे किती प्रयत्न फसले, आयटीकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, कधी टाकले आणि ते कधी बंद झाले, याची मिनिटागणिक नोंद राहते. सर्व्हर बंद असेल तर तो सर्वांसाठीच बंद असतो, तिथे खोटे बोलण्याला वावच नाही. एखाद्याचेच इंटरनेट दर सोमवारी सकाळी जात असेल, तर ते नोंदींत दिसेल आणि त्या व्यक्तीशी बोलता येईल. त्या एकामुळे सर्वांचेच पैसे कापायचे, हा संशयाचा भार निरपराध्यांवर टाकण्याचा प्रकार झाला. कामगाराचा पडदा दर काही मिनिटांनी टिपणारे सॉफ्टवेअर बसवायला ज्या कंपन्या मागेपुढे पाहत नाहीत, त्यांनी खोळंबा मोजता येत नाही असे म्हणावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

## इंटरनेट कामगाराचे असेल तर?

खरी अडचण इथे आहे. आता टॅक्सीचे पंक्चर आठवा: साधन ज्याचे, त्याच्या बिघाडाचा वेळ त्याचा, असे म्हणता येईल. स्वतःच्या उपकरणांवर काम करण्याच्या अटीवर, त्यासाठी जादा दर ठरवून कोणी काम घेतले असेल, तर हे बरोबरही आहे.

मात्र बहुतेक ताशी कामगारांच्या दरात असा जादा वाटा नसतो. कंपनीने कार्यालयाचे भाडे, वीज आणि जोडणी यांचा खर्च वाचवला आणि ती जबाबदारी कामगाराच्या घरी सरकली, एवढेच झाले. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतील कलम 2802 नुसार कामासाठी करावा लागलेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यावा लागतो, आणि 2014 मधील एका निकालात तिथल्या अपील न्यायालयाने कामासाठी सक्तीने वापराव्या लागणाऱ्या वैयक्तिक मोबाइलच्या बिलाचा वाजवी हिस्साही द्यावा लागेल असे ठरवले. साधनाच्या खर्चात हिस्सा असेल, तर त्याच्या बिघाडातही हिस्सा असावा, असे मला वाटते. छोटा खंड कंपनीने सोसावा. मोठा खंड पडला तर कामगाराला लगेच मोकळे करावे, म्हणजे तो निदान बांधून तरी पडणार नाही.

छोटा म्हणजे किती? अमेरिकी नियमांत 5 ते साधारण 20 मिनिटांची विश्रांती कामाच्या तासांतच धरतात, आणि हा नियम घरून काम करणाऱ्यांनाही लागू आहे, असे तिथल्या श्रम विभागाने फेब्रुवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. चहासाठी घेतलेली 15 मिनिटे कापता येत नसतील, तर राउटर बंद-चालू करण्यात गेलेली 15 मिनिटे कापणे विचित्रच ठरेल.

## वीज गेली तर?

इथे कायदेही थोडे मागे सरतात. कॅलिफोर्नियात कामावर हजर झालेल्या माणसाला ठरलेल्या कामाच्या निम्म्याहून कमी काम मिळाले, तर निम्म्या दिवसाचे, पण किमान 2 आणि कमाल 4 तासांचे वेतन द्यावे लागते. सार्वजनिक सेवेकडून वीज, पाणी किंवा गॅस न मिळाल्यास मात्र ही सक्ती नसते. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयानेही ऑक्टोबर 2021 मध्ये, साथीमुळे सरकारने सरसकट टाळेबंदी लावली असेल तर तो मालकाच्या धंद्याचा धोका मानता येणार नाही, असा निकाल दिला. संकट सर्वांवरच आले असेल तर त्याचा सारा भार एकाच पक्षावर टाकू नये, हे मलाही पटते. कंपनीने अशा वेळी कामगाराला बांधून ठेवायचे की सोडायचे, हा प्रश्न मात्र तिथेही शिल्लक राहतो.

## ‘तेवढे तास नंतर भरून काढा’

ही तडजोड वरकरणी सोयीची दिसते. सकाळी तीन तास सर्व्हर बंद होता, म्हणून संध्याकाळी तीन तास जास्त बसा. पैसे आठ तासांचेच. कामगाराला खरोखर निवड असेल तर यात वावगे काही नाही. पण सकाळचे तीन तास त्याला ‘ऑनलाइन राहा’ म्हणून सांगितले असेल, तर त्याने अकरा तास दिले आणि आठांचे पैसे घेतले. मुलांना शाळेतून आणण्याची वेळ, दुसरी नोकरी किंवा घरातील आजारी माणसाची देखभाल यांच्याशी संध्याकाळचे ते तास धडकतात, हे वेगळेच.

## नियम लिहायचाच तर

नोकरी स्वीकारतानाच खोळंब्याबद्दलचा नियम लेखी मागावा. बिघाड झाल्यावर किती मिनिटांत आणि कोणाला कळवायचे, कळवल्यापासूनचा वेळ भरलेला धरणार का, मोकळे सोडण्याचा निर्णय कोण व किती वेळाने घेणार, लॉगिनच होत नसेल तर हजेरी कोठे नोंदवायची, एवढे त्यात असले तरी बरेच वाद टळतात. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित असतो. जे सॉफ्टवेअर बंद पडले आहे त्यातच हजेरी लावायची अट असेल, तर खोळंबा कागदावर कधीच येत नाही. म्हणून बिघाडाच्या वेळी सुपरवायझरला मेसेज किंवा ईमेल पाठवून ठेवावा आणि त्यात वेळ, पडद्यावर दिसणारा संदेश व तिकिटाचा क्रमांक लिहावा.

वर सांगितलेले हक्क नोकरीतील कामगारांचे आहेत. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून ताशी दराने काम करणाऱ्यांना त्यांतील बहुतेक लागू होत नाहीत. त्यांच्या बाबतीत करारात जे लिहिले असेल तेच खरे. अशा व्यक्तीने दर ठरवतानाच, ग्राहकाच्या सिस्टीममुळे थांबावे लागले तर तो वेळ बिलात धरला जाईल, असे कलम घालून घ्यावे. ग्राहकाने त्याला नकार दिला, तर खोळंब्याचा अंदाज बांधून ताशी दरच तेवढा वाढवून सांगावा.